अर्ध्या मिठाची किमची

ग्वाक बुनिम दारात दिसली की बायका आधी रश्शाचं भांडं झाकत. बुसानच्या बंदरामागच्या टेकडीवर तिला ‘मिठाची फौजदारीण’ म्हणत. तिच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र असे आणि पेनाएवढी एक कांडी. ती रश्शात बुडवली की त्यातलं मीठ आकड्यात दिसे.

वय त्रेसष्ट. त्यातली सव्वीस वर्षं बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवण्यात गेली. नवरा त्रेपन्नाव्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यानं गेला. आरोग्य केंद्रानं वस्तीतून स्वयंसेविका मागितल्या, तेव्हा हात वर करणारी ती एकटीच होती.

वस्ती म्हणजे दोनशे बारा पायऱ्या आणि दोन्ही अंगांना चिकटलेली घरं. खाली बाजार, वर पाण्याची टाकी. तरणी माणसं केव्हाच उतरून गेली. उरलेल्या म्हाताऱ्यांना पायऱ्या सोसत नसत, त्यामुळे ताजी भाजी आणि मासळी वरपर्यंत क्वचितच पोचे. बुनिमनं मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला टाकीजवळच्या सपाटीवर व्यायाम सुरू केला. पहिल्या दिवशी तिघी आल्या, त्यातली एक कपडे वाळत घालायला. दारोदार फिरून चार वर्षांत तिनं एकोणीस जण जमवले.

प्यो जोंगदाल त्यांत नव्हता. एक्क्याऐंशी वर्षांचा, मासेमारीच्या जहाजावर आयुष्य काढलेला, एकटा. तिन्ही वेळा पाण्यात कालवलेला भात आणि किमची, म्हणजे मीठ-मिरचीत आंबवलेला कोबी. रक्तदाब एकशे ब्याऐंशी.

“काका, दुसरं काहीतरी खात जा की.”

“दुसरं काय? तुझी ती कांडी?”

प्योच्या पोटात मीठ जायचं ते किमचीतून. आणि किमची सगळी वस्ती एकत्र घालत असे: नोव्हेंबरअखेर, टाकीपाशी, तीनशे गड्डे कोबी, एकतीस घरांची हिवाळ्याची बेगमी. मिठाचा अंदाज एकोणऐंशी वर्षांच्या मेंग सुनदोकचा. त्या वर्षी बुनिमनं ठरवलं, मीठ निम्मं. आरोग्य केंद्राच्या पत्रकात माप दिलेलंच होतं. खडेमिठाचं पोतं तिनं मेंगच्या पुढ्यातून ओढून घेतलं.

“अगं, कोबीला मीठ लावतेस की नुसती दृष्ट काढतेस?” मेंग म्हणाली.

“अक्का, पत्रकात एवढंच लिहिलंय.”

“पत्रकाला काय, ते थोडंच खाणार आहे!”

“तुमचा रक्तदाब किती आहे, माहितीये ना?”

“माहितीये. आणि इथला हिवाळाही माहितीये. भर डिसेंबरात लोक सदरे काढून बसतात.”

बुनिमनं ऐकलं नाही. मेंगनं हातमोजे काढले आणि ती घरी गेली.

डिसेंबरच्या मध्यावर आठवडाभर उबदार ऊन पडलं. दाराबाहेर ठेवलेल्या डब्यांची झाकणं फुगली. किमची आंबटढाण झाली, पानं लिबलिबीत. तक्रार कुणीच केली नाही. सगळ्यांनी मिळून घातलेल्या अन्नाला नाव ठेवायची तिथं रीत नाही. बुनिमनं विचारलं की उत्तर येई, “छान झालीय.” फक्त व्यायामाला शुक्रवारी सात जण आले, मंगळवारी चार. तिला उलगडा झाला तो खालच्या बाजारात. तिच्याच व्यायामातल्या पाच जणी किमचीच्या दुकानासमोर रांगेत होत्या, आणि तिला पाहून पाचही जणी एकदम आभाळाकडे बघू लागल्या.

ती प्योकडे गेली. दार बंद.

“घरात कोणी नाहीये,” आतून आवाज आला.

“मग बोलतंय कोण?”

“कोणी नाही म्हटलं ना!”

शेजारणीनं सांगितलं, म्हातारा आता भातावर नुसता सोया सॉस ओतून खातो. म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त मीठ. चार वर्षांत उघडलेली दारं बुनिमनं एका पोत्यापायी बंद केली होती. ती उतरून सरळ मेंगकडे गेली. मेंग लसूण सोलत होती.

“अक्का, माझं चुकलं.”

“काय चुकलं ते सांग. नुसतं चुकलं म्हणायला काय जातंय!”

“पत्रकातलं माप चार दिवसांत संपवायच्या किमचीचं होतं. मी ते चार महिन्यांच्या किमचीला लावलं.”

“हं. बस. सोलू लाग.” लसणाचा गड्डा संपल्यावर मेंग म्हणाली, “मीठ टिकवायला लागतं, खायला नाही. डब्यात पुरतं घाल. ताटात घ्यायच्या आधी पाण्यातून काढ, पीळ, वर तिळाचं तेल सोड. माझी सासू असंच खायची.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कधी?”

बुनिमनं मेंगच्या गेल्या वर्षीच्या डब्यातली थोडी किमची धुतली, धुतलेली आणि न धुतलेली अशा दोन्हींचं पाणी पिळून त्याला कांडी लावून पाहिली. धुतलेलीत मीठ निम्म्याहून कमी भरलं. मग ती एकतीस दारांत गेली आणि प्रत्येक दारात चूक कोणाची ते स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शंभर गड्ड्यांची किमची नव्यानं घातली. पोत्याशी मेंग बसली होती. आंबलेल्या किमचीचा डुकराचं मांस घालून मोठ्या पातेल्यात रस्सा केला. तो सगळ्यांनी खाल्ला आणि त्याला मात्र मोकळेपणानं नावं ठेवली.

प्योचा डबा बुनिम स्वतः घेऊन गेली. दार चार बोटं उघडलं.

“पुन्हा तुझीच का?”

“मीठ मेंगअक्कांनी घातलंय.”

दार पुरतं उघडलं. किमची धुवायची हे त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं एक पान नळाखाली धरलं, दोर पिळावा तसं पिळलं आणि तिच्यापुढे केलं. “आधी तू खा. आणि छान झालीय म्हणू नकोस.”

तिनं चावून पाहिलं. “देठाशी अजून खारट आहे. आणखी एकदा धुवा.”

तो हसला. पान पुन्हा धुतलं, भाताबरोबर खाल्लं, आणखी दोन पानं धुतली. जेवण झाल्यावर आपण होऊन बाही वर सारली. बुनिमनं पट्टा गुंडाळला.

“एकशे शहात्तर.”

“बरं आहे का?”

“नाही.”

“मग परवा परत ये,” प्यो म्हणाला.