सफरचंदाच्या झाडाखालची वाटी

सई आणि निखिल, हे तुमच्या आईने तुम्हाला वाचून दाखवायचं आहे, कारण तुमचं मराठी ‘आजी, जेवलीस का?’च्या पुढे जात नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी लिहिते आहे, म्हणजे बाकीचेही वाचतील. वाचू देत.

आधी माझ्याबद्दल. मी केमिस्ट्रीची एम.एस्सी. दृष्ट काढणं, नवस, अंगात येणं… यातलं काही मला कधी पटलं नाही. घरात कसला आवाज आला तर मी आधी तळघरात जाऊन घर गरम ठेवणारी फर्नेस बघते. आजही तेच करते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही इथे शिकागोजवळ, नेपरव्हिलला आलो नव्हतो. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला एका छोट्या गावात राहत होतो — एक हॉस्पिटल, एक ग्रोसरी स्टोअर, दोन चर्च आणि बाकी सगळं जंगल. तुमचे आजोबा त्या हॉस्पिटलात सर्जन. घराच्या मागे सफरचंदाचं जुनं झाड होतं आणि त्याखाली एका तोडलेल्या मेपलचा बुंधा. सिंकपाशी उभं राहिलं की खिडकीतून बरोबर तो दिसायचा.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई येऊन गेल्या होत्या. जेवायला बसण्याआधी गाईसाठी घास काढून ठेवायची त्यांची पद्धत. मी म्हटलं, “आई, इथे गाय कुठून आणायची?”

“जे येईल ती गाय,” त्या म्हणाल्या आणि दहीभाताचा घास झाडाखाली ठेवून आल्या. त्या पुण्याला परत गेल्या, पण ते काम माझ्याकडे राहिलं. श्रद्धा म्हणून नाही. एकदा लागलेली शिस्त मोडणं मला जड जातं, इतकंच.

नोव्हेंबरात तिथे हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. गावातले सगळे पुरुष जंगलात. आमचा शेजारी डॉन, त्याच हॉस्पिटलात रेडिऑलॉजिस्ट, दर वर्षी आजोबांना बोलवायचा. त्या वर्षी ते हो म्हणाले. जिथे राहायचं तिथलं व्हायचं, असं त्यांचं मत. सुरक्षेसाठी भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी घालावी लागते. ते घालून किचनमध्ये आले तेव्हा मी म्हटलं, “अहो, शिकारीला निघालात की संन्यास घेताय?”

“आधी शिकार, मग संन्यास,” म्हणाले. इतके खुशीत होते.

संध्याकाळी परत आले ते बूट न काढताच टेबलाशी बसले. डॉननेच सांगितलं. समोर मोठा नर आला, आजोबांनी गोळी झाडली, लागली. अशा वेळी अर्धा तास जागचं हलायचं नसतं. हरीण जवळच कुठेतरी आडवं होतं, मग शांतपणे रक्ताच्या मागावर जायचं. हे डॉनने दहादा बजावलं होतं. पण आजोबांना रक्त दिसलं आणि ते उठून धावत सुटले!

“डॉक, इमर्जन्सी रूममध्ये धावतात,” डॉन म्हणाला. “जंगलात बसून राहतात.”

“जखमी समोर असताना बसायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही,” आजोबा म्हणाले.

दोघांनी अंधार पडेपर्यंत शोधलं. हरीण मिळालं नाही. त्या रात्री बर्फ पडला आणि माग पुसला गेला.

दुसऱ्या दिवसापासून हॉस्पिटल सुटलं की आजोबा जंगलात. पाऊण तासाचा ड्राइव्ह, मध्ये नदी. रिकाम्या हाताने परत यायचे, ताटावर बसायचे, दोन घास चिवडून उठायचे. मी म्हटलं, “अहो, एक हरीणच ना? इथे हजारो मारतात.”

“मारतात, सुधा. मी मारलं नाही. माझा पेशंट टेबलावरून उठून गेलाय… आणि कुठे तडफडतोय ते मला माहीत नाही.”

त्यांनी पुढच्या आठवड्यातली ऑपरेशन्स दुसऱ्या सर्जनकडे दिली. हात स्थिर नाही म्हणाले. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा मला त्यांच्यासाठी भीती वाटली.

थँक्सगिव्हिंगचा दिवस. डॉन आणि त्याची बायको मार्ज यांच्याकडे जेवायला जायलाही ते तयार झाले नाहीत. दुपारी मी वरणभात केला. बर्फात घास गडप होईल म्हणून तो स्टीलच्या वाटीत घालून बुंध्यावर ठेवला आणि आत येऊन कढई घासायला लागले. मान वर केली तर झाडाखाली हरीण.

मोठा नर होता. शिंगांचं एक टोक तुटलेलं. डावा कान मधोमध चिरलेला, दोन पाकळ्यांसारखा. पुढचा एक पाय तो जपून टेकत होता. त्याने वाटीतलं खाल्लं… सावकाश, घाई नसलेल्या पाहुण्यासारखं. मग मान वर करून खिडकीकडे बघितलं. मला भीती वाटली नाही. मी हात पुसून जिन्याशी गेले आणि हाक मारली. ते खाली येईपर्यंत झाडाखाली काही नव्हतं.

“कसा होता?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कानाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“कोणता कान?”

“डावा. चिरलेला.”

“मी तुला कानाचं बोललो होतो?”

“नाही.”

आम्ही तसेच स्लिपर्सवर बाहेर गेलो. खुरांचे ठसे होते, स्पष्ट. एक पाय किंचित ओढत टाकलेला. रस्त्यापर्यंत जाऊन ते मिटले होते. वाटी मात्र बुंध्यावर नव्हती. आसपास बर्फ उकरून बघितला, मिळाली नाही.

“चालत होता ना?” आजोबांनी विचारलं.

“चालत होता.”

“खाल्लं?”

“सगळं.”

ते आत आले, हात धुतले आणि पोटभर जेवले. दुसऱ्याकडे दिलेली ऑपरेशन्स परत घेऊन सोमवारी उभे राहिले. माझ्यापुरती गोष्ट तिथे संपली होती. नेली असेल वाटी ओढून एखाद्या रकूनने, तिथल्या उदमांजरासारख्या चोरट्या प्राण्याने.

बर्फ वितळल्यावर एका शनिवारी डॉन मागच्या दाराने आला. चेहरा जरा फुगलेला. “डॉक, तुला सापडला होता तर मला सांगायचं तरी!”

“काय सापडला होता?”

डॉन आपलं मचाण दुरुस्त करायला जंगलात गेला होता. तिथून हाकेच्या अंतरावर एका पडलेल्या पाइनखाली त्याला सांगाडा दिसला. शिंगाचं टोक तुटलेलं, आणि बरगड्यांत डॉनच्या रायफलची गोळी. तीच रायफल त्याने आजोबांना दिली होती. “तो वळून झाडाखाली शिरला आणि तू सरळ पुढे पळालास. पाय दुमडून बसलेला होता, डॉक. दोन मिनिटांत गेला असणार.” मग खिशात हात घालून म्हणाला, “हे तुमच्या पद्धतीचं काही असेल म्हणून मी तिथेच ठेवणार होतो. पण मार्ज म्हणाली, सेट मोडेल त्यांचा.”

त्याने टेबलावर वाटी ठेवली. सांगाड्याच्या तोंडाशी होती म्हणे. काठाखाली माझ्या आईने लग्नात कोरून घेतलेलं नाव — सौ. सुधा.

डॉन गेल्यावर मी आजोबांना एकदाच विचारलं, “तुम्ही नेऊन ठेवली होती?”

“मला सापडला असता, तर मी तुला सांगितलं नसतं?” ते म्हणाले. तेवढं मला पुरलं. ते खोटं बोलले की त्यांचे कान लाल व्हायचे, आणि तेव्हा झाले नव्हते.

वाटी रकूनने नेली म्हणावी, तर नदीपलीकडे, नेमकी तिथे? माझ्याकडे आलेला नर दुसराच होता म्हणावा, तर तो कान आणि ते शिंग? आजोबांनी वाटी उचलून काठाखालचं नाव वाचलं. मग आजोबा हळूच म्हणाले, “सुधा, तो त्याच दिवशी गेला होता. मग थँक्सगिव्हिंगला जेवला कोण?”

आता आजोबाही नाहीत मला हे पुन्हा विचारायला.

ती वाटी मी वेगळी काढून ठेवलेली नाही. घासली आणि बाकीच्या पाच वाट्यांमध्ये ठेवून दिली. तुम्ही सुट्टीत येता तेव्हा वरण तिच्यातूनच कुणाला तरी वाढलेलं असतं. कुणाला, ते मी बघत नाही.