मामाजींचा पडदा

सुरुवातीलाच हात जोडते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घाला. मामाजींबद्दल लिहायचं आहे. तोंडानं सांगायला गेलं की अजून हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जातो आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून लिहिते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांची पहिली ओळख मला त्यांच्या खाकरण्यानं झाली, तोंड मी नंतर पाहिलं. घरात सुना आहेत, त्यांना पदर घ्यायला वेळ मिळावा, म्हणून आमच्याकडचे मोठे माणसं दारातून येताना खाकरतात. मामाजी मात्र गल्लीच्या तोंडापासूनच सुरू करत. एक मोठं खाकरणं नळाजवळ, एक ओट्यापाशी, एक उंबऱ्यावर. तिसऱ्या खाकरण्यापर्यंत मी आणि माझी जाऊ पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून उभ्या असायचो. माझ्या छातीत तर नळाजवळच्या खाकरण्यालाच धडधड सुरू व्हायची. माणूस कधी रागावला नाही, हात उगारला नाही. तरी मी भ्यायची. मोहगावला माझ्या माहेरी बाबा इतके गरीब स्वभावाचे की ते आले कधी आणि गेले कधी हे मांजरालाही कळत नसे.

सुनेशी सरळ बोलायचं नाही असा त्यांचा नेम होता. काही सांगायचं असलं की ते आमच्या रांजणाशी बोलत. "रांजणा, पाणी आण रे बापा, घसा सुकून राहिला." मग मी पाण्याचा लोटा उंबऱ्यावर ठेवायची. "रांजणा, आजची भाजी मस्त झाली म्हणा." जाऊबाई माझ्या कानात म्हणायची, "एवढा मान तं मले माया नवऱ्यानंबी नाई देला, जेवढा या रांजणाले आहे." माझी बेबी बोलायला लागली तशी रांजणाची सुटका झाली आणि निरोप बेबीच्या मार्फत येऊ लागले.

सौंसरच्या बाजारात मामाजींचं भोंग्यांचं दुकान होतं. लग्नाला, भंडाऱ्याच्या जेवणाला लाउडस्पीकर, गॅसबत्त्या, गाद्या, कनाती भाड्यानं द्यायचे. सगळे त्यांना भोंगेवाले म्हणत. विजेचं काम ते स्वतः करत आणि कोणतीही वायर आधी हाताच्या मागच्या बाजूनं शिवून पाहत. एकदा माझ्या देखत रांजणाला म्हणाले, "रांजणा, वायरले उलट्या हातानं शिवाव. वायर चालू असली तं हात झटक्यानं दूर जाते. पंजानं धरली तं मूठ वळते, मंग वायर माणसाले सोडत नाई." त्या दिवसापासून मी बटणाला हात लावायचंच बंद केलं. दिवा लावायचा असला की जाऊबाईला हाक मारायची.

तेव्हा गावात कोणाकोणाकडे रंगीत टीव्ही आला होता, व्हिडिओ भाड्यानं मिळू लागला होता. तंबूतला सिनेमा त्यामुळे बसला. पांढुर्ण्याला एक तंबूवाला आपलं सिनेमाचं मशीन विकून टाकतो आहे असं मामाजींना कळलं. ते बसनं गेले, पाहून आले आणि रात्रीच्या जेवणाला आतेबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना म्हणाले, "तुले लगनाच्या आधी एक डाव सिनेमा दाखवला होता ना तुया मामानं? आता घरी दाखवतो. बाया काही टाकीजात जाऊ शकत नाई, तं टाकीजच घरी आणू." आतेबाई हसल्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी चुलीआड होते. मलाही बरं वाटलं. मशिनीला पैसे कुठून येणार हा विचार माझ्या मनात आलाच नाही.

पैसे माझ्या बाबांकडून आले. मामाजी स्वतः मोहगावला गेले, खाटेवर बसले आणि मागितले. बाबांचं छोटं किराणा दुकान. माझी धाकटी बहीण कुसुम, तिच्या लग्नासाठी त्यांनी पैसा पैसा करून साठवून ठेवलं होतं. पण मुलीचा सासरा दारात येऊन मागतो तेव्हा मुलीचा बाप नाही म्हणत नाही. मामाजी आपल्या व्याह्यांना म्हणाले, "इवाई, कुसुमच्या हळदीच्या आधी तुमचे पैसे तुमच्या घरी." बाबांनी कागद केला नाही. मी पुढच्या वेळी माहेरी गेले तेव्हा आईनं हळूच सांगितलं. त्या दिवसापासून ते मशीन माझ्यासाठी मशीन राहिलं नाही. कुसुमचं लग्न त्या लोखंडी पेटीत बंद झालं होतं.

सामान ठेवायची लांब खोली मामाजींनी रिकामी केली. तिला अंगणाकडे एकच दार. मागच्या टोकाला एक खिडकी होती, ती पत्रा ठोकून, वरून पोती लावून बंद केली, उजेड येऊ नये म्हणून. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना भाड्याच्या गाद्या उभ्या टांगल्या. भिंतींचा उरलेला भाग काळा रंगवला. शेजारणी म्हणाल्या, "काळं घर करतेत का कोणी?" पडद्यासाठी मांजरपाट आणला, तो मी शिलाईच्या मशिनीवर शिवला. निरोप आला होता, "बेबे, तुया मायले सांग, शिवण पक्की पाह्यजे." मी भीतीनं दुहेरी टीप घातली. ती शिवण पडद्याच्या मधोमध यायची आणि प्रत्येक नटीच्या नाकावरून जायची.

सगळं झालं, तेव्हा नवाच प्रश्न निघाला. सिनेमा बायांसाठी आणला, पण खोली एकच. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, त्यांचे दोस्त, शेजारचे माणसं, सगळे येणार. सासऱ्या-भासऱ्यांसमोर सुना कशा बसणार? मामाजी दोन दिवस विचार करत होते. मग त्यांनी पडदा खोलीच्या मध्ये टांगला. माणसं दाराकडून, मशिनीच्या बाजूनं. बाया पडद्याच्या मागं. कापडातून चित्र दोन्हीकडे दिसतंच.

दिसायचं, पण उलटं. आम्हाला सगळे डाव्या हातानं जेवताना दिसत. बायांचा पदर भलत्याच खांद्यावर. पहिला सिनेमा देवाचा होता. देवानं हात वर केला तशी आतेबाईंनी जोडलेले हात सोडून दिले. "डाव्या हातानं आशीर्वाद? मले नाई पाह्यजे!" त्या मोठ्यानंच म्हणाल्या. पडद्यापलीकडून मामाजींचा आवाज आला, "घे वो, घेऊन घे! इकडं उजव्याच हातानं देऊन राहिला!" दोन्हीकडचे लोक हसले. मी हसू शकले नाही. मी मागच्या पत्र्याकडे पाहत होते. दार पलीकडे, पुरुषांच्या बाजूला. आमच्या बाजूला भिंत, गाद्या आणि ठोकलेली खिडकी.

सिनेमा दुपारी असायचा, बायांची कामं आटोपल्यावर. रिळांचे डबे नागपूरहून बसनं येत. मशीन सुरू झालं की त्याची टरटर पडद्यामागंही ऐकू येई. मामाजी सिनेमा कधी पाहत नसत. ते मशिनीजवळ बसून मशिनीकडेच पाहत, आणि मधून मधून उलट्या हातानं त्याचं अंग किती तापलं ते पाहत. पडद्यावरून मला त्यांच्या हाताची सावली दिसे. ती सावली दिसली की मनात यायचं, तापलं असेल का? जळालं तर? इकडे कुसुमचं लग्न ठरलं. बाबा मला बाजाराच्या दिवशी भेटले की विचारायचे, "बाई, इवाई काही बोलले का?" मी मान हलवायची. ज्या माणसासमोर माझ्या तोंडून कधी शब्द निघाला नव्हता, त्याला मी काय विचारणार? नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आमच्या बाबांले मी इचारू? तूच सांग न रांजणाले."

हळदीला दीड-दोन महिनेच उरले होते. त्या दुपारी खोली भरलेली होती. बेबी माझ्या मांडीवर झोपली होती. पडद्यावर नायक बोलता बोलता एकाएकी थांबला. हात वर तसाच. मग त्याच्या गालावर एक तपकिरी डाग उठला. डागाला फोड आला, कडा काळ्या पडल्या, मधे भोक पडलं आणि ते भोक पसरू लागलं. वास आला, जळका. जाऊबाई किंचाळली, "पडदा पेटला वो माय!"

पुढचं मला सलग आठवत नाही. बाया मागच्या भिंतीकडे धावल्या आणि पत्र्यावर हात आपटू लागल्या. मी बेबीला कडेवर घेतलं आणि पडद्याकडे धावले, कारण दार तिकडे होतं. पडदा फाडायला गेले तर माझीच दुहेरी टीप, फाटेना. मी अंगाचा भार टाकला तसा वरचा बांबू सुटला आणि सगळा पडदा खाली आला. मी थेट मशिनीच्या उजेडात उभी. समोर सगळे माणसं. डोळ्यांना काही दिसेना. खाली पाहिलं तर तो जळणारा डाग माझ्या लुगड्यावर, पोटावर, पसरत होता. मी हातानं तो विझवू लागले. विझेना. मी ओरडले, "मामाजी, मी जळून राहिली! दार उघडा, मामाजी!"

माझे त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

कोणीतरी फस्सकन हसलं. दुसरा म्हणाला, "अवो, पट्टी अटकली मशिनीत, पट्टी जळाली! पडदा कुठं जळला?" तेव्हा मला कळलं की आग नाहीच. जळलं ते मशिनीतल्या रिळाच्या पट्टीवरचं बोटभर चित्र. आणि मी सासऱ्यासमोर, भासऱ्यांसमोर, गल्लीतल्या माणसांसमोर उघड्या डोक्यानं उभी, पदर पायात, लुगडं झोडत.

मामाजींनी मशीन बंद केलं. खोलीत एकदम काळोख झाला. मग त्या काळोखात मामाजी खाकरले. मोठ्यानं, नळाजवळ खाकरायचे तसे. थोडं थांबून दुसऱ्यांदा, ओट्यापाशी खाकरायचे तसे. जणू ते घरात नव्हतेच, आत्ता कुठे बाहेरून येत होते. मी पदर उचलला, डोक्यावर घेतला, बेबीला सावरलं. तिसऱ्यांदा खाकरले आणि मगच त्यांनी दार उघडलं.

पण भीती काही गेली नाही. आता मला मोहगावला पाठवून देतील, आणि बाबांचे पैसे तर गेलेच, असं मी धरून चालले. दोन दिवस मामाजी ना बेबीशी बोलले, ना रांजणाशी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. उंबऱ्यावर खाकरणं ऐकू आलं. मी भिंतीकडे वळले. आवाज आला, "सूनबाई."

मला वाटलं जाऊबाईला बोलवतात. ती तर विहिरीवर गेलेली.

"सूनबाई, तुलेच इचारून राहिलो. बाकीच्या मांगं पळाल्या, तू मशिनीकडं आली. आग असती तं पह्यली तूच जळाली असती. पण तू तं पह्यल्या दिवसापासून भेते, मले पदराआडूनबी दिसते. एवढी काऊन भेते?"

माझे हात पिठात तसेच राहिले. बोलले नसते तर पुन्हा कधी बोलता आलं नसतं. मी भिंतीला सांगितलं, "मामाजी, त्या मशिनीत माया बहिनीचं लगन आहे. ते जळन म्हणून भेते."

मी वळून पाहिलं, तर उंबरा रिकामा होता.

दुपारी खोलीतून घणाचा आवाज येऊ लागला. मामाजी स्वतः मागची खिडकी फोडत होते. चौकट बसवून त्यांनी तिथं दार केलं. आतेबाई म्हणाल्या, "आता दार कायले? सिनेमा तं बंद केला म्हणता." ते म्हणाले, "सिनेमा बंद केला. पण बायांच्या मांगं भिंत ठेवली होती मी, ती पह्यले पाडू दे."

मशीन त्याच आठवड्यात घराबाहेर गेलं. बोरगावच्या बाजाराला, कुठं भंडाऱ्याला, कुठं लग्नाला, मामाजी ते भाड्यानं लावू लागले. तेवढ्यानं भागेना, तेव्हा नागपूरच्या एकाला विकून टाकलं. उरलेल्या पैशांसाठी दुकानातले दोन भोंगे गेले. आतेबाईंनी एकदाच विचारलं, "मशीन गेलं?" आणि माझ्याकडे पाहून पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. त्या दुपारी अर्धा राहिलेला त्यांचा सिनेमा मग राहूनच गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मामाजींना जाऊन आता खूप वर्षं झाली. मी आजही बटणाला आधी उलटा हात लावते. नातवंडं हसतात. खोलीचं मागचं दार अजून आहे, त्यातून कोणी जात-येत नाही, तरी मी त्याच्यासमोर कधी काही ठेवू देत नाही. आणि बाहेर कोणीही खाकरलं, भाजीवाला का असेना, की माझा हात डोक्याकडे जातो. आता मात्र छातीत धडधडत नाही.

कुसुमच्या हळदीच्या आदल्या दिवशी मी मोहगावला होते. अंगणात बाया पापड वाळवत होत्या. गल्लीच्या टोकाला खाकरणं ऐकू आलं. मी उठून उभी राहिले. आई म्हणाली, "काऊन वो, काय झालं?" मी म्हटलं, "मामाजी आले." दुसरं खाकरणं दुकानाजवळ. तिसरं दारात.

बाबा धावत खाट टाकायला गेले. मामाजी बसले नाहीत. त्यांनी कोटाच्या आतून फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं. बाबांनी हात पुढं केला, तर मामाजींनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. सून-सासऱ्यात हातातून हातात देणंघेणं नसतं, वस्तू खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. त्यांनी खाली ठेवलं नाही.

"सूनबाई, घे. चौथी शिकली ना तू? मोज इवाईसमोर."

मी पदर दातात धरला आणि उभ्या उभ्या मोजलं. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. कोणी घाई केली नाही. मामाजी दुसरीकडे पाहत उभे होते.

"पुरे आहेत, मामाजी," मी म्हटलं, आणि पुडकं बाबांच्या हातात दिलं.