जयेशची लाल हळद

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मी घातलेला हा घोळ ऐकून आमच्या शेजारणीला असा ठसका लागला होता, की पाठ चोळावी लागली!

माझ्या भाच्याचं, जयेशचं लग्न. डहाणूला माझ्या भावाची चिकूची वाडी आहे, तिथंच हळदीचा मांडव. नवरी जवळच्याच, गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावची. सकाळपासून पोरांनी असा धुमाकूळ घातला, की वहिनी हात जोडून म्हणाली, "ताई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता ना? या चिल्ल्यापिल्ल्यांना कुठंतरी गुंतवा हो!"

मी तर वाटच बघत होते. लग्नघरात बाईला कुणी विज्ञान विचारतं का कधी?

स्वयंपाकघरात पोरांना गोल बसवलं. कागदाच्या पट्ट्यांना ओली हळद फासली आणि वर साबणाचं पाणी सोडलं. पिवळ्याचं लालभडक! पोरं किंचाळलीच. मग लिंबू पिळलं. पुन्हा पिवळं!

"आजी, सगळीच हळद लाल होते?" पाच वर्षांच्या मिष्टीनं विचारलं.

"सगळीच! जिथं हळद दिसेल तिथं करून बघा. शास्त्रज्ञ असेच तयार होतात."

बघा, कशी बोलून बसले मी!

संध्याकाळी हळद लागली. जयेश पाटावर उघड्या अंगानं, कपाळापासून पायापर्यंत पिवळा. डीजे दणाणतोय, आणि त्याची बहीण व्हिडिओ कॉल लावून नवरीला सगळं दाखवतेय. तेवढ्यात आमचे शास्त्रज्ञ आले. दोघांनी धरलेली साबणाच्या पाण्याची बादली. कुणाला काही कळायच्या आत ओतली की नवरदेवाच्या अंगावर!

जयेशच्या छातीवरून लाल ओघळ.

"अगं बाई, रक्त!" वहिनी ओरडली. फोनमध्ये नवरीनं किंकाळी फोडली. आणि कॉल कट! परत लावावा तर लागेना. आमच्याकडचं नेटवर्क मनात येईल तेव्हा गुजरातला निघून जातं.

इकडे जयेशला न्हाणीत नेऊन भावानं साबण चोळला. साबण लागेल तिथं पोरगा आणखीच लाल! मी बाहेरून ओरडतेय, "साबण नको रे!" पण डीजेपुढं माझं कोण ऐकतंय?

तसाच लाल जयेश परत पाटावर येऊन बसला, आणि तासाभरात अंगणात जीप. नवरीचे मामा उतरले. सोबत दवाखान्यातून तसाच उचलून आणलेला डॉक्टर.

"छोकरा बरा आहे ना?" मामा थेट मांडवात घुसले. "कुणी मारलं त्याला? तिकडे आमची पोरगी रडून रडून अर्धी झालीय!"

"मामा, कुणी मारलं नाही. हळद आहे ती, हळद!" मी पुढे झाले. "आता बघाच. लिंबू पिळलं की पिवळी."

आणि पिळलं की मी लिंबू, थेट जयेशच्या छातीवर.

आता मला काय माहीत, हल्लीचे नवरदेव फोटोसाठी आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन छातीचे केस उपटून घेतात!

"मेलो! आत्या, मेलो!" जयेश पाटावरून हातभर उडाला.

"बघा!" मामा कडाडले. "जखम आहे आणि हे लोक लपवतायत! लग्न थांबवा!"

डीजे बंद. भाऊ माझ्याकडे असा बघत होता, की डॉक्टर मलाच लागला असता.

डॉक्टरांनी जयेशला खुर्चीत बसवलं, मोबाईलचा टॉर्च मारून नीट तपासलं. बोटानं थोडं पुसून वास घेतला.

"हळदच आहे," ते म्हणाले. "वर लिंबू. मीठ घातलंत तर लोणचं होईल."

आधी मामा हसले, मग मांडव हसला. जयेश तेवढा हसला नाही. फोन कसाबसा लागला, नवरीनं त्याचं पिवळं-लाल तोंड बघितलं आणि लग्न ठरल्या वेळी लागायचं नक्की झालं.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः ताट घेऊन अक्षता वाटत होते. माझ्यापुढे आले. मी हात पुढे केला. त्यांनी ताट अलगद मागे घेतलं.

"ताई, अक्षतांना हळद लावलीय," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा."