शाफ्टावरचं थिगळ

संशय हा माझा धंदाच होता. अमरावतीच्या कोर्टात साक्षीदाराला घाम फोडायचा आणि घरी येऊन दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघायचं. मध्यप्रांत-वऱ्हाड असतानाची गोष्ट. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी मोटार मी विकत घेतली. त्यानं मूर्तिजापूरच्या रस्त्यावर भरधाव हिंडवून दाखवली, तेव्हा ती लोण्यासारखी चालली. म्हणूनच मला जास्त संशय आला.

घरी आणल्यावर धोतर खोचून खाली शिरलो. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांना पोचवणारा लांब पोकळ दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्यावर बोटभर लोखंडी तुकडा डाग देऊन बसवलेला. म्हणजे शाफ्टाला भोक आणि वर थिगळ! नुकत्याच ठेवलेल्या ड्रायव्हरला म्हटलं, आण छिन्नी.

तो तिवशाचा, तोंडानं फटकळ. "साहेब, राहू द्या ना. ज्यानं लावला त्यानं काई पाहूनच लावला असन."

"तुझं काय जातंय?"

"माह्यं काय जाते? पन चालत्या गाडीची कावून खोडी काढता?"

शेवटी त्यानं तुकडा उडवला. खाली भोकबीक काही निघालं नाही. तरी मी तो कागदात गुंडाळला, वर 'पुरावा' असं लिहिलं आणि कपाटात ठेवला. ड्रायव्हरनं आडकाठी केली, हेही मनात टिपून ठेवलं.

गावात गाडी बैलगाड्यांच्या मागून हळूहळू चालायची, तेव्हा काही कळलं नाही. पंधरा दिवसांनी एका खटल्यासाठी अकोल्याला निघालो. बडनेरा सुटलं, रस्ता मोकळा झाला आणि पायाखालची फळी थरथरू लागली. ताशी तीस मैलांना तर माझे दात वाजायला लागले. वेग उतरवला की सगळं शांत.

"माझ्यामागं गाडी कुठं नेली होतीस?"

"कुठंच नाई."

"मग चांगला शाफ्ट कुणाला विकलास?"

तो गप्प राहिला. गप्प बसणाऱ्या साक्षीदाराचा मी जो अर्थ लावतो, तोच लावला. तिथल्या तिथे त्याला काढून टाकलं. एवढ्यावर भागलं नाही. अमरावतीच्या बाररूममध्ये चार मोटारवाल्या वकिलांना सांगितलं, याला ठेवू नका, हा सामान बदलतो. त्याला तीन लेकरं होती आणि ते मला ठाऊक होतं.

मग गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं मागची चाकं उचलून ठोकळ्यांवर ठेवली, इंजिन सुरू केलं आणि फिरत्या शाफ्टाजवळ खडू धरला. खडू एकाच बाजूला लागला. शाफ्ट थांबवून तो विरुद्ध बाजूचा, तुकडा उडवल्याचा व्रण अंगठ्यानं घासत बसला.

"वकीलसाब, इथलं वजन कोनं काढलं?"

"मीच काढायला लावलं, थिगळ समजून."

"थिगळ नसते हे. कारखान्यातच लावते, शाफ्टाचा तोल राहावा म्हून."

घरी जाऊन तुकडा आणला. कागदावरचं 'पुरावा' वाचून मिस्त्रीनं कागद माझ्या हातात दिला. जुन्या व्रणावरच त्यानं तो पुन्हा बसवला. गाडी चाळीस मैलांनाही हलली नाही. मला मात्र स्वतःची लाज वाटत होती.

तिवशाला गेलो. ड्रायव्हरला त्या चौघांपैकी कुणीच ठेवलं नव्हतं. भावाच्या वांग्याच्या वावरात तो पाणी धरत होता. मी म्हटलं, "चूक माझी. परत चल."

फावडं न थांबवता तो म्हणाला, "कामाचं मंग पाहू. पयले त्या चार साहेबांईले सांगा, तुकडा कोनं काढाले लावला ते. मंग या."

दुसऱ्याच दिवशी बाररूममध्ये सगळं सांगितलं, तुकड्यापासून खडूपर्यंत. चौघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकानं खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "त्या ड्रायव्हरला तुमचं असं काय माहीत आहे हो, की तुम्हाला हे बोलावं लागतंय?"

बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही हेच विचारलं असतं.

तिवशाला जाऊन त्याला सांगायचं होतं, की मी सांगितलं, पण कुणी खरं मानलं नाही. मी गेलो नाही.