त्याला विचारलेले प्रश्न

आमच्या ठाण्याच्या कंपनीत हीट एक्स्चेंजर बनतात. आडवं लोखंडी पिंप, त्याच्या पोटात शेकडो नळ्या. नळ्यांतून थंड पाणी, नळ्यांबाहेरून गरम वाफ. डिझाइन विभागात तो आणि मी एकाच वर्षी लागलो. टेबलं शेजारी, काम सारखंच. अनुभवी माणसाचं डोकं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं असं वरून ठरलं आणि साहेबांनी त्याचं नाव दिलं, तेव्हा मी हसून त्याचं अभिनंदन केलं. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

रोज जेवणानंतर सॉफ्टवेअरवाली मुलगी लॅपटॉप घेऊन त्याच्यासमोर बसायची. मध्ये नुसतं पार्टिशन, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

"सर, ही जाडी का घेतली? कमी का नाही?"

"सर, ड्रॉइंग आलं की तुमची नजर आधी कुठे जाते?"

तो सावकाश, रंगवून सांगायचा. पुढे नवीन पोरं डिझाइनला बसली की सिस्टिम त्याच्यासारखा विचार करून उत्तर देणार होती. पण मला खुपत होतं ते वेगळंच. इतक्या वर्षांत मी काय विचार करते, हे असं समोर बसून मला कुणीच विचारलं नव्हतं. ऑफिसात विचारायचे, "कधी होईल?" घरी विचारायचे, "आज भाजी काय?" संध्याकाळी कंपनीची बस शीळफाट्याला अडकून पडली की मी त्या मुलीच्या प्रश्नांना मनातल्या मनात उत्तरं द्यायचे. माझी उत्तरं त्याच्या उत्तरांपेक्षा सरस वाटायची. घरी पोचेपर्यंत डोकं तापलेलं असायचं. नवरा म्हणाला, "अगं, तुझ्यामागचं काम वाचलं की." त्याच्याशी मी रात्रभर धड बोलले नाही.

सिस्टिम तयार झाल्यावर ती तपासायला माझं एक जुनं काम घेतलं. उत्तर जवळपास माझ्यासारखंच आलं. फक्त वाफ आत शिरते तिथे मी नळ्यांना एक जास्तीचा आधार दिलेला, तो नव्हता. मला मनातून बरं वाटलं.

"इथे चुकलंय," मी म्हणाले. "आधार हवा. नाहीतर नळ्या थरथरतात."

"प्रत्येक वेळी हवा का, मॅडम?" लॅपटॉपवाल्या मुलीने विचारलं.

"प्रत्येक वेळी नाही."

"मग कधी?"

"बघून कळतं," मी एवढंच म्हणाले. मुलगी की-बोर्डवर बोटं ठेवून वाट बघत राहिली.

तो खुर्ची सरकवून आमच्याकडे आला. "हा आधार तू दिला नाहीस, असं एखादं काम आठवतं?"

आठवलं.

"त्यात वाफ आत यायचं तोंड केवढं होतं?"

"लहान." आणि मग मला दिसलं. "तोंड मोठं असलं की त्याला जागा लागते, म्हणून पहिला आधार लांब जातो. मधल्या जागेत नळ्या बिनआधाराच्या राहतात आणि वाफ नेमकी तिथेच आदळते."

"घे लिहून," तो मुलीला म्हणाला आणि माझं सगळं बोलणं त्याने एका वाक्यात बसवून दिलं.

"थँक यू सर," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्हालाही."

चहाला खाली गेलो तेव्हा मी विचारलंच. "हे तुला कसं जमतं रे?"

"कॉलेजात असताना कोपरीत शिकवण्या घ्यायचो ना. गणितात नापास झालेली पोरं. का, का, करून जीव खायची. मला गणित येतं पण सांगता येत नाही, हे तिथे कळलं. मग सांगायला शिकलो."

त्या वयात मी दार लावून अभ्यास करत होते आणि मला त्याच्याहून जास्त मार्क होते. माझी निवड झाली नाही याचा राग निदान साहेबांवर तरी काढता येत होता. आता तो काढायला कोणी उरलं नाही. त्याला ती नापास पोरं मिळाली, याचासुद्धा मला हेवा वाटला.

हल्ली नवीन मुलं ती सिस्टिम वापरतात. मोठं तोंड आलं की स्क्रीनवर आधार येतो आणि खाली त्याचं ते एक वाक्य. परवा त्यांतली एक मुलगी ते वाचून म्हणाली, "सरांनी काय मस्त सांगितलंय."

"तो नियम माझा आहे," मी म्हणाले.

"हो का?" ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.