मास्क लावून संक्रांत

भाजक्या तिळाचा वास आला की कुवेंपुनगरातली ती दुपार आठवते. झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी ह्यांना मशीन दिलं होतं, आणि सवय व्हावी म्हणून हे दिवसाही नाकावर मास्क लावून बसायचे, कुरकुरत. “उद्या परत करतो हे लोढणं!” तेवढ्यात शेजारच्या कानडी आंटी तिळगूळ घेऊन आल्या. “एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि,” म्हणजे आपलं गोड बोला. ह्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर शब्दांऐवजी फुस्सकन वाराच बाहेर आला. आंटी दचकल्या, मी हसले, मग हेही मास्कसकट हसत सुटले. मशीन घरातच राहिलं. यंदा हे नाहीत. आंटींनी तिळगूळ पुढे केला, मी तोंड उघडलं, आणि माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही.