झाकणाचा वास

सोलापुरातल्या शिळ्या भेंडीने आणि लबाड दुधाने जर कुणाची धास्ती घेतली असेल, तर ती आमच्या समोर राहणाऱ्या काकांच्या नाकाची. मूळचे मैंदर्गीचे हे काका दूध संकलन केंद्रावर आयुष्यभर एकच काम करत आले. कॅनचं झाकण उघडायचं, त्याला नाक लावायचं आणि 'घ्या' किंवा 'ब्याड' म्हणायचं. यंत्रं त्यांच्यानंतर बोलत. निवृत्तीनंतर कॅन सुटले, सवय मात्र सुटली नाही. मंडईत ते भेंडीची शेपटं मोडत, दुधीला नख लावत आणि कोथिंबिरीची जुडी इतकी उलटीपालटी करत, की विकणारी ओरडे, "काका, भाजी घ्यायची हाय का पोरगी बगायला आलाय?" एका लग्नात तर बासुंदीची वाटी नाकाशी नेऊन त्यांनी वधूपित्याला घाम फोडला होता. मला त्यांच्यासोबत कुठे जायची लाजच वाटे.

पुढे माझी दीड वर्षांची मुलगी काविळीतून उठली. दुधाशिवाय तिच्या पोटात काही ठरेना. काका न बोलावता रोज सकाळी दारात येऊ लागले. एकदा किटलीचं झाकण उघडलं आणि "कालचं मिसळलंय, पाजू नगा," म्हणत त्यांनी सगळं दूध मोरीत ओतलं. गवळी तणतणला, पण नंतर बराच काळ चोख दूध देत राहिला.

मग एका तापात काकांचं नाक गेलं. आंबूस दुधाला त्यांनी "झ्याक हाय" म्हटलं, तेव्हा माझ्या बायकोच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती आत आधी वास घेई आणि मग किटली त्यांच्यापुढे धरी. आपण म्हाताऱ्याचा मान राखतोय, असं आम्हाला वाटत होतं.

मुलगी अंगणात पळू लागली आणि काका मुलाकडे मैंदर्गीला निघाले. त्या सकाळी त्यांनी किटली उघडलीच नाही.

"पोरी, झाकण रोज सैल येतंय. आत वास घेऊनच आनतीस की."

बायको ओशाळली.

"माजं नाक गेलं, ते त्या दिवशी तुज्या तोंडावर वाचलं मी. तवापासनं दूध न्हाय, तुला तपासत हुतो. आदी भीत भीत आनायचीस. आता न्हाय भीत. म्हून चाललो."

मुलगी आता शाळेत जाते आणि दुधाचा पेला बघून नाक मुरडते. बायको अजूनही झाकणाला नाक लावते. आणि त्यांची लाज वाटणारा मी समोरच्या कुलपाकडे बघून रोज मनातल्या मनात हात जोडतो.